घरची शाळा : अभ्यासक्रम कोणता निवडावा?

गेल्या पर्युषणात स्थानकातील प्रवचन आटोपल्यावर दोन तरुण दांपत्यांनी मला पायऱ्यांवरच गाठले. एकाचे तांदळाचे दुकान, दुसऱ्याचे हार्डवेअरचे. मुलांना शाळेतून काढून घरी शिकवावे, असा विचार दोन्ही घरांत घोळत होता. आमच्या घरी हा प्रयोग चालू आहे हे घोटीत सर्वांना ठाऊक असल्यामुळे प्रश्न माझ्याकडे आला : "काका, सगळ्यांत चांगला अभ्यासक्रम कोणता?"

बँकेच्या नोकरीत मला असाच एक प्रश्न वर्षानुवर्षे विचारला जाई : "साहेब, सगळ्यांत चांगले कर्ज कोणते?" हंगामात भात भरून ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला कॅश क्रेडिट लागते, गिरणीत नवे यंत्र बसविणाऱ्याला मुदत कर्ज लागते. व्याज एक टक्क्याने कमी आहे एवढे पाहून भलतेच कर्ज उचलणारे चांगले व्यापारी हप्त्यांपायी मेटाकुटीला आलेले मी पाहिले आहेत. म्हणून माझी रीत अशी होती, की आधी धंदा पाहायचा आणि योजनेचे माहितीपत्रक नंतर काढायचे. दुर्दैव असे, की स्वतःच्या घरात अभ्यासक्रम निवडण्याची वेळ आली तेव्हा मी ही रीत साफ विसरलो. त्याची किंमत माझ्या नातीने आणि सूनबाईंनी मोजली. पायऱ्यांवर उभे राहून हे सारे सांगणे शक्य नव्हते. "सविस्तर लिहितो," असे त्यांना म्हणालो होतो, ते आज लिहीत आहे.

नात चौथीत होती. नाशिकची इंग्रजी माध्यमाची शाळा, जाण्यायेण्यात रोजचे दोन-अडीच तास बसमध्ये. पावसाळ्यात महामार्ग तुंबला की संध्याकाळचा चोविहार साधणे कठीण. तरीही हे सारे आम्ही चालवून घेतले असते. पण त्या वर्षी तिने घरी शाळेबद्दल बोलणेच बंद केले. वही तपासून आली की ती दप्तराच्या तळाशी लपवू लागली. अक्षर मंद, लिहिण्याचा कंटाळा, आणि वर्गात सर्वांसमोर वही उंच धरून दाखविण्याची बाईंची पद्धत. आम्ही दोनदा भेटून आलो, उपयोग झाला नाही. वर्ष संपल्यावर माझ्या मुलाने आणि सूनबाईंनी तिला घरी शिकवण्याचे ठरविले. माझा विरोध होता, हे प्रामाणिकपणे सांगतो.

माझा पहिला आक्षेप कायद्याचा होता. कागद पाहिल्याशिवाय सही करण्याची सवय नसल्यामुळे कायदा वाचून काढला. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा अधिनियम २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणे हे कलम १० प्रमाणे पालकांचे कर्तव्य आहे. मात्र ते न पाळणाऱ्या पालकाला दंड वा शिक्षा करण्याची तरतूद त्या कायद्यात नाही. घरशिक्षणाचा स्वतंत्र उल्लेखही नाही. जर्मनीसारख्या देशात मुलाला घरी शिकवण्यास मनाई आहे; अमेरिकेत सर्व राज्यांत ते मान्य आहे; आपल्याकडे ते या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. त्यामुळे उघडपणे, पण कागदपत्रे जपून पुढे जावे, असे माझे मत झाले. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, शेवटची गुणपत्रिका या तिन्हींच्या मूळ प्रती आमच्या घरी दुकानाच्या तिजोरीत आहेत.

एकदा मन वळल्यावर मग मी उत्साहाने पुढाकार घेतला आणि तेथेच चुकलो. मला तक्ते आवडतात. रोजचे पान ठरलेले, आठवड्याची चाचणी ठरलेली, वर्षाअखेर किती टक्के भाग पूर्ण झाला ते सांगणारा रकाना, असा एक परदेशी धाटणीचा तयार संच मी पसंत केला. किंमत दुकानातील मुनिमाच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी होती. पाच जड खोकी घरी आली. छपाई सुरेख, कागद उत्तम. गणितात सेंट आणि डाइम, विज्ञानात बर्फाचे मनुष्य, निबंधात पानगळीचा ऋतू. बाहेर घोटीचा जुलै, आठ दिवस सूर्याचे दर्शन नाही, आणि नात विचारते, "दादाजी, फॉल म्हणजे भावलीचा धबधबा ना?" त्या प्रश्नातच मी सावध व्हायला हवे होते. पण पैसे भरले होते, आणि भरलेल्या पैशांच्या मागे आणखी पैसे व वेळ घालण्याचा मोह फक्त कर्जदारांनाच होतो असे नाही. सहा महिने आम्ही तो संच रेटला. मुलगी पुन्हा वह्या लपवू लागली. आता लपविण्याची जागा आमच्याच घरात होती.

दिवाळीनंतर एका दुपारी सूनबाई शांतपणे म्हणाल्या, "पप्पाजी, पुस्तके आपण सगळ्यांनी मिळून निवडली, शिकवायचे मात्र मी एकटीने."

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. व्यापारी कुटुंबात घरशिक्षणाचा निर्णय पुरुष मंडळी ओट्यावर बसून घेतात आणि त्याचा भार स्वयंपाकघरात जाऊन पडतो. सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकायची, म्हणजे हिवाळ्यात चारलाच ओट्याशी उभे राहायचे. त्यात हंगामात दुकानावर येणारे पाहुणे, चातुर्मासात गोचरीची व्यवस्था. अशा घरातील आईला रोज चार तास पूर्वतयारीसह शिकविणे भाग पाडणारा अभ्यासक्रम कितीही उत्तम असला तरी तो त्या घरासाठी नाही. माझे स्पष्ट मत असे आहे, की ज्या घरात सुनेची मनापासून इच्छा नाही, तेथे मुलाला शाळेतच ठेवावे. आणि इच्छा असेल, तर विषयांची वाटणी पुस्तके घेण्यापूर्वी करावी. आमच्याकडे ती सहा महिने उशिरा झाली. मराठी आणि हिशेब माझ्याकडे, विज्ञान व इंग्रजी सूनबाईंकडे, इतिहासाच्या गोष्टी व धार्मिक पाठ आमच्या सौभाग्यवतींकडे, आणि आठवडी सुटीचा अर्धा दिवस मुलाकडे. मुलगा सुरुवातीला कुरकुरला. आता त्याला तो अर्धा दिवस हवाहवासा वाटतो.

खोकी बंद केली. सूनबाईंनी सुचविले, की महिनाभर काहीच शिकवू नये, फक्त पाहावे. मी एक जुना रोजमेळ काढून दिला. जमा बाजूला मुलगी आपण होऊन काय करते ते, नावे बाजूला कशापासून पळते ते. शिक्षणशास्त्राचे मला ज्ञान नाही. पण या महिन्याइतका उपयोगी महिना आमच्या तीन वर्षांत दुसरा नाही.

पहिल्याच आठवड्यात एक नोंद सौभाग्यवतींनी केली. शाळेच्या प्रगतिपुस्तकात 'चंचल, एका जागी बसत नाही' असा शेरा होता. तीच मुलगी आजीशेजारी आसन टाकून पूर्ण सामायिक, म्हणजे ४८ मिनिटे, बसत होती. आजी गोष्ट सांगत असेल तर हलतही नव्हती. ऐकलेले स्तवन तिसऱ्या दिवशी पाठ. तेव्हा दोष बसण्यात नव्हता. तिला कानाने लवकर कळत होते, आणि शाळा सारे काही हाताने लिहून मागत होती.

दुसरी नोंद दुकानातली. मार्गशीर्षातले दिवस, भाताच्या गाड्या लागलेल्या. काट्याजवळ उभी राहून ती मुनिमाला प्रश्न विचारी. शंभर किलो भाताला साधारण ६५ किलो तांदळाचा उतारा पडतो, असे त्यांनी सांगितले. मी सहज विचारले, "मग ४० किलो भाताला?" जरा वेळाने उत्तर आले, "२६." आणि लगेच प्रतिप्रश्न, "उरलेले १४ किलो गेले कुठे?" मी तिला गिरणीत नेले. तूस वेगळे पडताना पाहिले, कोंडा हातात घेतला, कणी चाळणीतून काढताना पाहिली. तुसाचे काय करतात, कोंड्यातून तेल कसे निघते, ओला भात घेतला तर उतारा का घटतो, असे प्रश्न आठवडाभर चालले. पुस्तकात शेकडेवारीचा धडा येण्याच्या पुष्कळ आधी तिला शेकडेवारी कळली होती, फक्त तिला ते नाव माहीत नव्हते.

नावे बाजूला एकच मोठी नोंद होती : लिहिणे. दहा ओळींपुढे हात थांबतो, चेहरा पडतो.

या दोन रकान्यांवरून अभ्यासक्रम जवळजवळ आपोआप ठरला. मराठीसाठी बालभारतीची पुस्तके घेतली. १९६७ पासून ही संस्था पाठ्यपुस्तके काढते आहे. ती दुकानात अल्प किमतीत मिळतात आणि संकेतस्थळावरून विनामूल्यही उतरवून घेता येतात. धडा आधी मोठ्याने वाचून दाखवायचा, मग तिने तोंडी सांगायचा, आणि शेवटी पाचच ओळी लिहायच्या. गणित व विज्ञानासाठी एनसीईआरटीची पुस्तके, तीही फुकट. लिखाणासाठी वेगळा वेळ : रोज दुकानाच्या पाच पावत्या स्वच्छ अक्षरात रोजमेळात उतरवायच्या. हे काम खरे असल्यामुळे तिने टाळले नाही. वर्षभरात अक्षर सुधारले. सुंदर म्हणता येणार नाही, पण वाचता येते. सगळा खर्च त्या पाच खोक्यांतील एकाच्या किमतीइतकाही झाला नाही.

यावरून बालभारतीच घ्यावी असा अर्थ कुणी काढू नये. आमच्या नात्यातील एक मुलगा अगदी उलट स्वभावाचा आहे. त्याला आज कोणते पान आणि उद्या कोणते, हे ठरलेले नसेल तर बेचैनी येते. खूण केलेला चौकोन त्याला मिठाईसारखा गोड लागतो. माझा तो महागडा संच त्याच्याकडे गेला, आणि तो आनंदाने पानामागून पान उलटतो आहे. बर्फाच्या मनुष्याचा त्याला काडीचाही त्रास नाही. मॉण्टेसरी पद्धतीची साधने हाताने करून पाहणाऱ्या लहान मुलांना मानवतात. मारिया मॉण्टेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या. पण त्याआधीच गुजरातेत गिजुभाई बधेका आणि त्यांच्यासह आपल्या ताराबाई मोडक यांनी ही विचारधारा आपल्या मातीत रुजविली होती. ताराबाईंनी आणि अनुताई वाघ यांनी पुढे कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी अंगणातच बालवाडी भरविली, आणि साधने म्हणून पाने, बिया, शंख-शिंपले घेतले. परदेशी लाकडी संचांच्या किमती पाहून घाबरणाऱ्या आयांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आपल्या समाजाला तर घरी बसून शिकणे मुळीच नवे नाही. माझ्या वडिलांचे शाळेतले शिक्षण चौथीपर्यंतचे. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी त्यांनी पेढीवर पाठ केली आणि पंधराव्या वर्षी खतावणी लिहू लागले. एम.कॉम. होऊनही तोंडी व्याज काढण्यात मी त्यांना कधी गाठू शकलो नाही. आचार्यसम्राट आनंदऋषिजी महाराजांच्या प्रेरणेने पाथर्डीला सुरू झालेल्या श्री तिलोक रत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्डाच्या परीक्षा आपल्या कितीतरी आया-आज्यांनी घरकाम सांभाळून दिल्या. ठरावीक पुस्तके, पायरीपायरीने वाढणाऱ्या परीक्षा, आणि अभ्यास ज्याच्या त्याच्या गतीने. याहून वेगळे घरशिक्षण ते काय? पण पेढीवर शिकलेल्या माझ्या वडिलांना पुढे कुणी प्रमाणपत्र मागितले नाही. आजच्या मुलांना मागतील. म्हणून दुसरा मोठा विचार शेवटच्या परीक्षेचा.

या बाबतीत मुंबईच्या मालविका जोशीचे उदाहरण प्रत्येक पालकाने नीट समजून घ्यावे. सातवीच्या सुमारास तिच्या आईने, सुप्रिया जोशी यांनी, तिला दादरच्या शाळेतून काढले आणि घरीच तिच्यासाठी अभ्यासक्रम तयार केला. मुलगी संगणकाच्या प्रोग्रॅमिंगमध्ये रमली. आंतरराष्ट्रीय माहितीशास्त्र ऑलिंपियाडमध्ये तिने दोन रौप्य आणि एक कांस्य अशी तीन पदके मिळविली आणि २०१६ मध्ये अमेरिकेतील एमआयटीमध्ये तिला प्रवेश मिळाला. वर्तमानपत्रांनी हा भाग ठळक छापला. त्याच बातमीतला दुसरा भाग मात्र थोड्यांच्या लक्षात राहिला : बारावीचे प्रमाणपत्र नसल्यामुळे आपल्या आयआयटीची दारे तिला बंद होती. भारतात चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने तेवढा तिला प्रवेश दिला. दिल्लीच्या सहल कौशिकचेही शिक्षण घरीच, आईच्या हाताखाली झाले; पण त्याने मार्ग वेगळा ठेवला आणि २०१० मध्ये, चौदाव्या वर्षी, आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेत देशात ३३ वा क्रमांक मिळविला. ऑलिंपियाडची पदके आपल्या घरात येतील असे गृहीत धरून दहावी-बारावी सोडून देणे म्हणजे तारणाशिवाय कर्ज देणे होय. मी ते मंजूर करणार नाही.

व्यापारी घरांसाठी मला सर्वांत सोयीची वाटते ती राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. १९८९ मध्ये केंद्र सरकारने ती राष्ट्रीय मुक्त विद्यालय या नावाने स्थापन केली. दहावीच्या नोंदणीसाठी वयाची १४ वर्षे पूर्ण लागतात. किमान पाच विषय घ्यावे लागतात, आणि त्यांची निवड विस्तृत आहे. आपल्या वाचकांना विशेष आवडेल अशी बाब ही, की दहावीच्या पातळीवरच लेखाशास्त्र आणि व्यवसाय अध्ययन हे विषय घेता येतात. मराठी माध्यमही उपलब्ध आहे. वर्षातून दोनदा परीक्षा होते, एकदा केलेली नोंदणी पाच वर्षे चालते, आणि विषय एकेक करून सोडविता येतात. आमच्या नातीसारख्या, लिहिताना दमणाऱ्या मुलीला एका उन्हाळ्यात सहा पेपर देण्यापेक्षा हे किती हलके! २० टक्के गुण घरी लिहून द्यावयाच्या स्वाध्यायांना असतात. दहावी आणि बारावी यांत मात्र दोन वर्षांचे अंतर राखावे लागते, त्यामुळे मूल हुशार आहे म्हणून घाई करण्यात अर्थ नाही. पुढे बी.कॉम. असो की सी.ए., या बारावीवर मार्ग मोकळा राहतो. वैद्यकीय किंवा अन्य व्यावसायिक शाखेकडे ओढा असेल, तर त्या त्या वर्षाची प्रवेशाची नियमावली मूळातून वाचावी. ऐकीव माहितीवर विसंबू नये.

राज्य मंडळाची दहावीच हवी असेल, तर १७ नंबरचा अर्ज भरून खाजगीरीत्या बसता येते. प्रश्नपत्रिका नियमित विद्यार्थ्यांचीच असते, म्हणून अभ्यासक्रमही शेवटची दोन वर्षे तंतोतंत तोच हवा. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची सोयही आहे. केंब्रिजच्या आयजीसीएसईची ओढ आजकाल फार दिसते. परदेशी शिक्षण पक्के ठरले असेल तर ती जरूर विचारात घ्यावी; परंतु खाजगी परीक्षार्थी घेणारे केंद्र आधी शोधावे आणि विषयागणिक शुल्काचा हिशेब मांडावा. आपल्या चुलतभावाचा मुलगा तेथे शिकतो, एवढे कारण पुरेसे नाही.

मैत्रिणींचे काय, हा प्रश्न मला प्रत्येक लग्नसमारंभात विचारला जातो. सकाळी पाठशाळा, संध्याकाळी गल्लीतल्या मुली, दुकानावरची माणसे, एवढे पुरते असे मी आत्मविश्वासाने सांगत असे. आता तेवढ्या आत्मविश्वासाने सांगत नाही.

कारण नात आता बारा वर्षांची आहे. गेल्या महिन्यात जेवताना ती म्हणाली, "दादाजी, मला आठवीला शाळेत जाऊन पाहायचं आहे. इथल्याच. मराठी शाळेत." ताटे तशीच राहिली. सूनबाई काही बोलल्या नाहीत. माझ्या मनात आधी आले ते असे, की तीन वर्षे वाया गेली काय? मग त्याच कायद्याचे कलम ४ आठवले : शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाला अनुरूप अशा इयत्तेत प्रवेश मिळण्याचा हक्क आहे. वाट बंद झालेली नव्हती. तिला विचारले, "लिहायला पुष्कळ लावतील. चालेल?" ती म्हणाली, "आता पावत्या लिहिते ना मी."

गावातल्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटून आलो. त्यांनी एक लहानशी तोंडी आणि एक लेखी चाचणी घेऊ असे सांगितले आहे. जूनपर्यंत वेळ आहे. नाही रुळली, तर १४ वर्षे पूर्ण होताच एनआयओएसची नोंदणी करावयाची, असे सूनबाईंनी आणि मी रोजमेळाच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले आहे. त्याखाली नातीने आपल्या हाताने एक ओळ वाढविली आहे : 'पाच पावत्या शाळेतून आल्यावर.' शाळा सोडल्याचा दाखला तिजोरीतून बाहेर काढला आहे.